फाटकावर पाटी लागलीच पाहिजे!



नोकरी लागते कशी, एवढेच आज बोलायचे आहे.

आपल्या बापजाद्यांच्या काळी मुंबईच्या गिरणीत जागा रिकामी झाली, तर पाटी लागत नसे. भोंग्याआधीच माणसे फाटकाशी उभी राहत. मुकादम येई, बोट दाखवी, "तू चल, तू राहा." ज्याची दस्तुरी पोचली, तो आत! बायकांच्या खात्यात हेच नायकीण करी. यादी नाही, नंबर नाही; जाब विचारायचा कुणाला?

आणि दोष एकट्या मुकादमाचा होता काय? साचेखात्यात पगार बरा. पण तिथे धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. तेवढ्यावरून विटाळ मानून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय वेशीवर टांगला. आड कोण येत होते? आपलेच भाऊ! हे आपण कबूल केले पाहिजे.

१९३१ साली व्हिटले कमिशनने सांगितले, भरती मुकादमाच्या हातून काढा. १९३५ साली मुंबईत बदली कामगारांची नोंद सुरू झाली, कार्डे मिळाली. पण कार्ड म्हणजे काम नव्हे. कुणी गैरहजर असेल तर पाळी, नाहीतर आल्या पावली चाळीत परत!

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरला, माणसे गोळ्यांना बळी पडली. १९६४ च्या राजभाषा कायद्याने सरकारदरबारी मराठी आली. कारखान्याच्या फाटकावर तो कायदा चालत नाही. मुंबईच्या बहुतेक गिरण्या आज बंद आहेत, आणि जिथे यंत्र चालते तिथे मुकादमाच्या जागी कंत्राटदार उभा आहे. बोट तेच, माणूस दुसरा!

म्हणून आपली मागणी साधी आहे. रिकाम्या जागेची पाटी फाटकावर लागावी, आणि ती मराठीत लागावी. पगार, पाळी, कायम की कंत्राटी, हे पाटीवर लिहिलेले असावे. नाव नोंदेल त्या क्रमाने बोलावणे यावे. ज्याला नाकारले, त्याला कारण लेखी द्यावे. जात विचारू नये, दस्तुरी घेऊ नये.

आणि शपथ आपणही घ्यायची. माझ्या पोराला मागच्या दाराने आत घेणार नाही! मागचे दार आपणच उघडे ठेवले, तर पुढच्या फाटकावर पाटी कोण लावील?

जय महाराष्ट्र!