वस्त्रावरून पारख

अंगावरच्या कापडावरून माणूस जोखण्याची खोड आम्हां कापडव्यापाऱ्यांना जडलेलीच असते. पण नवा सी.ए. भारी सूट घालून सभेस आला की इतरही कुजबुजतात.
१८८८ मध्ये बॅरिस्टरीसाठी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींनी बॉण्ड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवविला, १९ शिलिंगांची उंच हॅट घेतली, भावाकडून सोन्याची साखळी मागविली. पाहणाऱ्याने त्यांना उधळ्याच म्हटले असते. परंतु बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर घेतलेली मद्य, मांस व स्त्रीसंग वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा त्या सुटाच्या आत शाबूत होती. शिवाय बसभाडे, टपाल, वर्तमानपत्र अशी पै-पै लिहून ते निजण्यापूर्वी रोज शिल्लक जुळवीत. वाणिज्याचा पदवीधर या नात्याने मला हॅटपेक्षा ती वही पाहावीशी वाटते.