लाटांच्या गावाला जाताना

आपण तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारात बसलो आहोत. कॅमेऱ्यामागे जो उंच, कमानीकमानींचा मनोरा दिसतोय ना, त्या बाजूच्या दालनात एका देवमाशाचा सांगाडा ठेवलेला आहे. समुद्र इथून कितीतरी लांब आणि राजवाड्यात देवमासा! येणारी लहान मुलं चोळांच्या कांस्यमूर्ती सोडून आधी तिकडेच धावतात. हा मासा १९५५ साली तरंगंबाडीच्या किनाऱ्याला लागला होता. आज मी तुम्हाला त्याच तरंगंबाडीला नेणार आहे.

तंजावूर म्हटलं की आपल्या मराठी माणसांचं ठरलेलं आहे. बृहदीश्वर, सरस्वती महाल, सरफोजी राजे, आणि मग कुणीतरी सांबाराची गोष्ट काढतो. ती गोष्ट आज मी सांगणार नाही, ती तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. तंजावूरच्या राज्याला समुद्र होता, हे मात्र आपल्या गप्पांत कधी येत नाही. नकाशा उघडा आणि कावेरीच्या मुखापासून दक्षिणेकडे बोट फिरवा. देवीकोट्टै, तरंगंबाडी, कारैकाल, नागपट्टिणम. एकेका दिवसाच्या चालीवर ही गावं आहेत आणि अठराव्या शतकात त्यांच्यावर वेगवेगळे झेंडे होते. तरंगंबाडी डेन्मार्कची. कारैकाल १७३९पासून फ्रेंचांचं. नागपट्टिणम डचांचं. देवीकोट्टै १७४९मध्ये प्रतापसिंह राजांच्या वेळी इंग्रजांकडे गेलं. किनारा एका राज्याचा आणि त्यावर युरोपातले चार भाडेकरू. घरमालक इथे, या वाड्यात.

जायचं कसं, ते आधी सांगतो. तंजावूरहून गाडीने कुंभकोणम, पुढे मैलाडुतुरै. तिथून बसने पोरैयार, आणि पोरैयारला लागूनच तरंगंबाडी. मैलाडुतुरैहून थेट तरंगंबाडीला एक छोटी रेल्वे जायची. १९८०च्या दशकात ती बंद पडली. शक्यतो मे महिन्यात जाऊ नका. त्या दिवसांना तमिळमध्ये ‘अग्निनक्षत्र’ म्हणतात, आणि नाव अगदी सार्थ आहे. कोकणातला माणूस समुद्र म्हटला की माड, सावली, लाल माती, डोंगर असं चित्र डोळ्यापुढे आणतो. इथे डोंगर नाहीच. सपाट वाळू, खारट वारा, पांढरं ऊन. पाऊस येतो तो ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून, आणि कधीकधी वादळ घेऊनच. जूनमध्ये मुंबई भिजत असते तेव्हा इथली वाळू अनवाणी पायाला सोसत नाही.

आणि हे बंदर म्हणावं तर धक्का कुठे आहे? धक्का नाही, खाडी नाही, आडोसा नाही. उघडा किनारा. मोठी जहाजं दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल, माणसं, पत्रं सगळं लाटांतून होडीने आणावं लागायचं. त्या होड्यांना मसुला म्हणत. या होडीत खिळा नसे. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या. खिळ्यांची ताठ नाव त्या फुटणाऱ्या लाटांत आपटून फुटायची. शिवलेली होडी लवायची, मुरडायची आणि वाळूवर येऊन टेकायची. कोपनहेगनहून कित्येक महिन्यांचा प्रवास करून आलेला साहेब शेवटचा अर्धा मैल इथल्या नावाड्याच्या हाती असायचा. मला या बंदराच्या इतिहासातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. किल्ला, करार, तोफा सगळं खरं, पण किनाऱ्याला लावणारा माणूस इथला.

आता हे डॅनिश लोक इथे आले कसे? तेव्हा तंजावूरवर रघुनाथ नायक राज्य करत होता. नोव्हेंबर १६२०मध्ये त्याने डेन्मार्कच्या राजाच्या वतीने आलेल्या ओव्ह गेड्डे या आरमारी अधिकाऱ्याशी करार केला. मासेमारीचं एक गाव वार्षिक रकमेच्या बोलीवर व्यापारासाठी दिलं. राजा चौथा क्रिश्चियन याच्या नावाने रघुनाथ नायकाने पाठवलेलं सोन्याच्या पत्र्यावरचं पत्र आजही डेन्मार्कच्या सरकारी दफ्तरात जपून ठेवलेलं आहे. गावाचं नाव तरंगंबाडी, म्हणजे लाटांचं गाव. डॅनिश जिभेवर त्याचं ‘ट्रांकेबार’ झालं. तिथे त्यांनी डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. आपल्या मराठी डोळ्यांना तो किल्ला वाटतच नाही. राजगड, सिंधुदुर्ग पाहिलेल्याला ती गढी वाटेल. खाली कमानींची कोठारं, शिपायांच्या खोल्या, कैदखाना. वरच्या मजल्यावर गव्हर्नर आणि पाद्री राहायचे. भिंती जाड, आत शिरलं की बाहेरचं ऊन एकदम तुटतं.

इथे एक माणूस भेटतो, त्याच्यापाशी जरा थांबू या. एस्किल्ड आन्नर्सन कोंग्सबाके. झालं असं की डेन्मार्क युरोपातल्या लढायांत अडकला, कंपनीकडे पैसा उरला नाही, आणि मग तरंगंबाडीला डेन्मार्कहून जहाजच आलं नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, पाव शतकाहून जास्त. इथले डॅनिश एकेक करून मेले किंवा निघून गेले. १६५५च्या सुमाराला हा एकटा डॅनिश माणूस उरला. गावातल्या लोकांनी त्यालाच पुढारी मानलं. वरिष्ठ कुणी नव्हतेच. त्याने इथल्याच लोकांना हाताशी धरलं, समुद्रावर इतरांची जहाजं पकडून पैसा उभा केला (धंदा चाचेगिरीचाच, उगाच गोड करून सांगत नाही), नायकांचे हल्ले परतवले आणि गावाला तटबंदी केली. १६६९मध्ये ‘फेरो’ नावाचं जहाज आलं. जहाजावरच्यांनी पाहिलं तर किल्ल्यावर अजून डेन्मार्कचं निशाण आहे.

ते जहाज आलं त्यानंतर सहासात वर्षांनी, १६७५-७६मध्ये, व्यंकोजीराजे तंजावूरला आले आणि हे राज्य मराठ्यांचं झालं. मी मोडीचा विद्यार्थी. इथले रुमाल वाचत बसलो की मला हा एस्किल्ड आठवतो. व्यंकोजींबरोबर आलेल्या घराण्यांनाही मागून फारसं कुणी भेटायला आलं नाही. शिवाजी महाराज १६७७मध्ये दक्षिणेत आले तेव्हा भावाभावांची भेट झाली आणि ती काही गोडीने संपली नाही. पुढे पुण्याचं राजकारण पुण्याला, तंजावूरचं तंजावूरला. तरी घरात मराठी, दफ्तर मोडीत, नाटकं मराठीत, आणि बाजारात तमिळ. आजही इथे मराठी घरं आहेत. त्यांची मराठी ऐकली की पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग गप्प होतो, कारण त्यातले काही शब्द त्याच्या पणजीचे असतात.

बरं, घरमालक आणि भाडेकरू यांचं नेहमी जमायचंच असं नाही. १६९९मध्ये शाहजीराजांच्या फौजेने तरंगंबाडीला वेढा दिला. हे तेच शाहजी, व्यंकोजींचे चिरंजीव, ज्यांची ओळख आपण कवी आणि नाटककार म्हणून करून देतो. शेवटी मद्रासच्या इंग्रजांनी डॅनिशांना मदत पाठवली आणि वेढा उठला. मराठी फौज आणि डॅनिश किल्ला! शाळेत हे कुणी आपल्याला शिकवलं नाही. सातारा-पुण्याच्या बाहेरचा मराठी इतिहास आपण परिशिष्टात टाकतो, हे त्याचं कारण.

१७०६च्या जुलैमध्ये या किनाऱ्यावर झीगेनबाल्ग नावाचा तरुण जर्मन पाद्री उतरला. डेन्मार्कच्या राजानेच पाठवलेला, पण इथल्या डॅनिश गव्हर्नरनेच त्याला काही महिने तुरुंगात टाकलं. तमिळ शिकायला तो मुलांबरोबर वाळूत अक्षरं गिरवत बसायचा. मग छापखाना आला आणि १७१५पर्यंत तमिळ ‘नवा करार’ छापून झाला. त्याची कबर तिथल्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये आहे. चर्च १७१८चं, तो गेला १७१९मध्ये. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होता, त्यावर ज्याचं त्याचं मत असू द्या. आपल्या गोष्टीत तो छापखान्यासाठी येतो.

कारण याच तरंगंबाडीत १७५०मध्ये श्वार्ट्झ उतरला आणि पुढे तंजावूरला येऊन राहिला. तमिळ तर त्याला येतच होती, दरबारासाठी तो मराठीही शिकला. तुळजाराजांनी १७८७मध्ये मरणापूर्वी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलाला याच पाद्र्याच्या हवाली केलं. तो मुलगा म्हणजे दुसरे सरफोजी. गादी मिळायला अकरा वर्षं गेली. १७९८च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि जूनमध्ये सरफोजी गादीवर बसले. म्हणजे ज्याने सांभाळलं, त्याने तो दिवस पाहिला नाही. राजांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करून घेतलं. मरणशय्येवरचा श्वार्ट्झ आणि त्याचा हात धरलेले सरफोजी. बृहदीश्वराच्या जवळच्या चर्चमध्ये ते आहे. मंदिर बघून झालं की पाच मिनिटं तिकडे जा.

१७९९च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. सरफोजींकडे किल्ला, वाडा आणि नेमणूक राहिली. अशा राजाने काय करावं? त्यांनी ग्रंथ जमवले, शाळा काढल्या, आणि वाड्यात देवनागरी छापखाना घातला. १८०६मध्ये इथे ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली. इसापनीतीचा मराठी अनुवाद. आता गंमत बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, १८०५मध्ये, बंगालमध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापून आलं. कुठे? श्रीरामपूरला. आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं. आणि ते श्रीरामपूर कुणाचं होतं? डेन्मार्कचं! मराठीच्या छपाईचा पहिला अध्याय पुण्यामुंबईत घडलेला नाही. एक पान डॅनिश वसाहतीत आणि दुसरं डॅनिश किनाऱ्यावरून आलेल्या गुरूच्या शिष्याच्या वाड्यात. तरंगंबाडीचे खिळे तंजावूरला आले असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्या हातात नाही. पण छापलेलं पुस्तक म्हणजे काय, ते मुलाच्या हातात कसं द्यायचं, हे सरफोजींनी कुणाच्या घरात पाहिलं, ते उघड आहे.

या किनाऱ्यावर सरफोजींची स्वतःचीही एक खूण आहे. तरंगंबाडीच्या बरंच दक्षिणेला, पट्टुकोट्टैच्या पलीकडे, समुद्रालगत सरभेंद्रराजन्‌पट्टिणम. ‘सरभेंद्र’ म्हणजे सरफोजीच. तिथे मनोरा नावाची षट्‌कोनी, आठ मजली इमारत आहे. नेपोलियनच्या पाडावाची आणि इंग्रजांच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेली. लेख पाच भाषांत आहे, त्यात मराठीही. सगळे सांगतात, वॉटर्लूसाठी बांधली. पण लेखातलं साल १८१४ आहे आणि वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ची. म्हणजे हा पाडाव आधीचा, नेपोलियनने १८१४मध्ये पहिल्यांदा गादी सोडली तो. आणि त्याच वेळी तरंगंबाडीत काय चाललं होतं? डेन्मार्क नेपोलियनच्या बाजूने गेला म्हणून इंग्रजांनी १८०८पासून तरंगंबाडी ताब्यात घेऊन ठेवली होती. ज्या गावातून गुरू आला ते गाव ज्या युद्धात गेलं, त्याच युद्धाच्या विजयाचा मनोरा शिष्याने बांधला. खुशीने बांधला की बांधावा लागला? राज्य गेलेल्या राजाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला वाटतं, दोन्ही थोडं थोडं असेल. मी त्या लेखासमोर उभा होतो तेव्हा आसपास मराठी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं.

१८१५मध्ये डॅनिशांना गाव परत मिळालं, पण व्यापार परत आला नाही. १८४५मध्ये त्यांनी तरंगंबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही मिळून साडेबारा लाखांना इंग्रजांना विकून टाकली. मग १८६१मध्ये रेल्वे नागपट्टिणमला पोचली आणि माल तिकडे वळला. गाव तसंच राहिलं. राहिलं म्हणूनच आज पाहायला मिळतं. १७९२ची पांढरी वेस, त्यातून आत जाणारा किंग्ज स्ट्रीट, ओळीने चर्चं, आणि टोकाला समुद्र. किल्ल्याच्या जरा वर मासिलामणिनाथाचं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं पांड्यकालीन देऊळ. त्याचा समुद्राकडचा भाग लाटांनी कधीच खाल्ला.

२६ डिसेंबर २००४ची त्सुनामी याच किनाऱ्यावर आली. तेव्हाच्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. तरंगंबाडीच्या कोळीवाड्यातून शेकड्यांनी गेली. जुन्या दगडांचं कौतुक करताना हे लक्षात असू द्या. किल्ल्यासमोर जाळी वाळत घातलेली दिसतील; ती कुणाची आहेत, हे विचारून मग फोटो काढा.

पुढे डेन्मार्कहून लोक आले. त्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयाने, तिथल्या तरंगंबाडीप्रेमी मंडळींनी इथल्या संस्थांबरोबर घरं, रस्ते, गव्हर्नरचा बंगला दुरुस्त केला. गाव विकून दीडशे वर्षं झाल्यावर! मला त्यांचा हेवा वाटतो, सरळच सांगतो. इथे सरस्वती महालात तीन हजारांवर मराठी हस्तलिखितं आहेत. मोडी रुमाल वेगळे. तमिळ अभ्यासकांनी आणि तमिळनाडू सरकारने ती जपली, सूच्या केल्या, छापली. वाचणारे मराठी किती येतात? इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, जिथून कुठून तुम्ही हे बघताय, तिथे मोडीचे वर्ग चालतात. शिकून झालेल्यांनी दोन आठवडे काढून इथे यावं. राहायची सोय स्वस्तात होते. आधी पत्र पाठवून परवानगी घ्या, ओळखपत्र आणा, आणि एकच एक विषय ठरवून या. नुसतं ‘काहीतरी दाखवा’ म्हटलं की ग्रंथपालांचाही वेळ जातो.

आणि मधल्या रविवारी तरंगंबाडी. पहाटेची गाडी पकडा, म्हणजे ऊन चढायच्या आत किल्ला होतो. टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या. गाडीवर ताजे तळलेले मासे मिळतील, खाणाऱ्यांनी खावेत. परतताना पोरैयारच्या स्टँडवर ‘मायवरम’ असं विचारा. मैलाडुतुरैला तिकडचे जुने लोक अजून त्याच नावाने ओळखतात.