छोट्या ट्रॅक्टरला इलेक्ट्रिक फीड पंप बसविताना

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



द्राक्ष, डाळिंब व इतर फळबागांमध्ये १८ ते २५ अश्वशक्तीचे छोटे डिझेल ट्रॅक्टर आता सर्रास वापरले जातात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की केवड्याच्या धास्तीने फवारणी ताबडतोब उरकावी लागते. नेमका अशा वेळी ट्रॅक्टर दोन ओळी फिरून बंद पडतो. एअर काढली की चालू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडतो. फवारणी दोन दिवस लांबली तर वर्षाचे पीक धोक्यात येते. मग कोणीतरी इलेक्ट्रिक पंप बसविण्याचा सल्ला देतो. उपाय चांगला आहे, परंतु दोष फीड पंपातच आहे याची खात्री झाल्यावरच तो करावा.

आधी दोष शोधा

टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तर टाकीतून डिझेल नीट उतरत नाही. ट्रॅक्टर बंद पडताच झाकण सैल करावे. त्यामुळे तो सुरळीत चालू लागला तर दोष झाकणात आहे. टाकीच्या तळाची जाळी, फिल्टरमधील पाणी व गाळ, चिरलेली नळी आणि सैल क्लिपा नंतर तपासाव्यात. डबक्यातून किंवा पिंपातून डिझेल ओतणाऱ्यांच्या टाकीत कचरा हमखास सापडतो. असे दोष इलेक्ट्रिक पंपाने जात नाहीत. उलट कचऱ्याने नवा पंपही खराब होतो.

यानंतर इंजिन ऑइलची पट्टी पाहावी. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल व त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिनवर बसविलेल्या फीड पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला असण्याची शक्यता आहे. डिझेल मिसळलेले ऑइल पातळ होऊन बेअरिंग खाते. असा ट्रॅक्टर चालवू नये. दुरुस्तीनंतर ऑइल व ऑइल फिल्टर दोन्ही बदलावेत. नुसता पडदा बदलून काम भागत असेल आणि तो बाजारात मिळत असेल, तर तेवढेच करावे. सुटे भाग मिळत नसतील किंवा पंप वारंवार बिघडत असेल, तर इलेक्ट्रिक पंपाचा विचार करावा.

पंपाची निवड

पंप १२ व्होल्टचा, डिझेलसाठी बनविलेला व कमी दाबाचा असावा. साधारणतः ०.२ ते ०.३ किलो प्रति चौ. सें.मी. दाब अशा कामाला लागतो. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहावा. इंजेक्शनच्या पेट्रोल मोटारीतला जुना पंप बसवू नये. त्याचा दाब तीन किलोच्या आसपास असतो व त्याने सील फुटतात. २० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराखाली तासाला सुमारे ४ ते ५ लिटर डिझेल घेते. त्यामुळे मिनिटाला अर्धा लिटर देणारा पंप पुरेसा आहे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या ट्रॅक्टरवर हा प्रयोग करू नये. ट्रॅक्टर हमीच्या मुदतीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारावे.

बसविण्याची पद्धत

१) बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी. इंजिन थंड असावे. जवळ विडी-सिगारेट पेटवू नये.

२) जुना पंप काढून त्या जागी गॅस्केटसह जाड पट्टी बसवावी. जुना पंप तसाच ठेवून नवा मागे जोडू नये. जुन्याचा पडदा फाटला तर नवा पंप दाबाने डिझेल थेट ऑइलमध्ये ढकलील.

३) इलेक्ट्रिक पंपाला ओढण्यापेक्षा ढकलणे सोपे जाते. म्हणून तो टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली, रबरी बुशांवर बसवावा. सायलेन्सर, पंखा व पी.टी.ओ. शाफ्ट यांपासून तो दूर असावा. पंपावरील बाण इंजिनच्या दिशेने ठेवावा.

४) पंपाच्या आधी जाळीचा फिल्टर जोडावा. मूळचा बारीक फिल्टर पंपानंतर आहे तसाच ठेवावा. डिझेल सोसणारी रबरी नळी वापरावी. पाण्याची प्लॅस्टिक नळी वापरू नये. टाकीकडे परत जाणारी नळी बंद करू नये.

५) वीज चावीनंतर फ्यूज व रिलेमार्फत द्यावी. तार १.५ चौ. मि.मी. असावी. लहान पंपाला बहुधा ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

सर्वांत महत्त्वाचे

यांत्रिक पंप इंजिनबरोबर थांबतो. चावीवर जोडलेला इलेक्ट्रिक पंप मात्र ट्रॅक्टर उलटला किंवा नळी तुटली तरी चालूच राहतो आणि तापलेल्या सायलेन्सरवर डिझेल सांडून आग लागू शकते. म्हणून रिलेला ऑइल दाबाच्या बटणातून वीज द्यावी. इंजिन थांबले, ऑइलचा दाब गेला की पंपही थांबतो. ऑइलच्या लाल दिव्याचे बटण या कामी चालत नाही. ते दाब नसताना जोडणी देते. आपल्याला दाब आल्यावर जोडणी देणारे बटण हवे. चालू करताना वीज मिळावी म्हणून स्टार्टरवरून रिलेला दुसरी तार द्यावी. त्या तारेत डायोड घालावाच, नाहीतर प्रवाह उलटा जाऊन स्टार्टर पुन्हा फिरू लागेल. एअर काढण्यासाठी दाबून धरायचे एक बटणही ठेवावे. ही जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.

एअर काढणे व तपासणी

फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून बटण दाबावे. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळावा. नंतर डिझेल पंपाचीही एअर अशीच काढावी. नोझलच्या नळीजवळ बोट नेऊ नये. त्या दाबाचा फवारा कातडीत शिरतो. इंजिन चालू झाल्यावर प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून गळती पाहावी. शेवटी इंजिन बंद करून चावी चालूच ठेवावी. पंप थांबला तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

हे काम छाटणीपूर्वी, सवडीच्या दिवसांत करावे आणि तासभर ब्लोअर चालवून पाहावा. बॅटरी चांगली ठेवावी, कारण आता इंजिनचे डिझेल तिच्यावर अवलंबून आहे. फ्यूज व एक रिले नेहमी ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवावा. शंका असल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील अभियांत्रिकी तज्ज्ञांशी संपर्क साधावा.