शेतकऱ्याची कथा कोणीं सांगावी ?

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)

अध्यक्षमहाराज व बंधुभगिनींनो,

"बंधुभगिनींनो" ही हांक प्रत्येक सभेंत वक्ते मारतात. आम्हीहि आतां मारली. पण हीच हांक नांव म्हणून घेऊन रशियांत एक नाटक झालें, आणि त्या नाटकानें एका दूरच्या खेड्यांतील शेतकऱ्यांचें दुःख देशोदेशींच्या लोकांना ऐकविलें. तें नाटक उभें करणारे दिग्दर्शक लेव दोदिन यांची हकीकत सांगण्यासाठीं आम्ही आज उभे आहों. तुम्ही म्हणाल, नांगर धरणाराला आणि भाता ओढणाराला रशियांतल्या नाटकवाल्याशीं काय करावयाचें आहे ? तें आधीं सांगतों.

आम्ही लहान असतां गांवच्या जत्रेंत एक नाटक आलें होतें. त्यांत एक शेतकरी होता. धोतर गुडघ्यावर, बोलणें वेडेंविद्रें, आणि काम काय, तर मार खाणें व लोकांना हंसविणें. आम्ही पोरें पोट धरधरून हंसलों. शेजारीं वडील बसले होते. ते हंसले नाहींत. घरीं येतांना एवढेंच म्हणाले, "हा माणूस आपल्या गांवचा नव्हे." त्या बोलाचा अर्थ आम्हांला पुष्कळ वर्षांनीं कळला. शेतकऱ्याची कथा सांगणारे पुष्कळ. पण त्याच्या उंबऱ्याच्या आंत येऊन, त्याच्या चुलीजवळ बसून, मग सांगणारे किती? दोदिन हे त्या थोड्यांपैकीं एक. म्हणून त्यांची ही हकीकत.

दोदिन यांचा जन्म १४ मे १९४४ रोजीं सायबेरियांत झाला. महायुद्धामुळें त्यांच्या आईबापांना लेनिनग्राड शहर सोडून तिकडे जावें लागलें होतें. पुढें लेनिनग्राड येथेंच बोरिस झोन या गुरूजवळ ते नाट्यविद्या शिकले; १९६६ सालीं शिक्षण पुरें झालें, आणि कांहीं वर्षांतच ते स्वतः विद्यार्थ्यांना शिकवूं लागले. म्हणजे हा मनुष्य शहरचा, पुस्तकांत वाढलेला; शेतकऱ्याच्या घरचा नव्हे. त्यांना कादंबऱ्या रंगभूमीवर आणण्याचा नाद होता. कादंबरींत एका माणसाचें नव्हे तर साऱ्या गांवाचें, तीन तीन पिढ्यांचें आयुष्य असतें. तें दोन घटकांच्या नाटकांत कोंबतां येत नाहीं. पण दोदिन यांनीं तोच अवघड मार्ग धरला, आणि या मार्गावर त्यांना फ्योदोर अब्रामोव हे लेखक भेटले.

अब्रामोव मात्र अस्सल शेतकऱ्याचे पुत्र. उत्तर रशियांत पिनेगा नदीच्या कांठीं वेर्कोला नांवाचें खेडें आहे; तेथें १९२० सालीं ते जन्मले. बाप लहानपणींच वारला. महायुद्धांत लढून पायाला गोळ्या लागल्यावर १९४२ सालीं ते गांवाकडे परत आले, तेव्हां त्यांनीं काय पाहिलें ? गांवांत तरणा पुरुष नाहीं. बायका नांगरताहेत, बायका गवत कापताहेत, पोरें व म्हातारे त्यांच्या हाताखालीं राबताहेत, आणि पोटांत पुरता घांस नाहीं. तें पाहिलेलें त्यांच्या काळजांत रुतून बसलें. पुढें ते विद्यापीठांत अध्यापक झाले, पण गांव विसरले नाहींत. १९५४ सालीं त्यांनीं एक लेख लिहून स्पष्ट सांगितलें कीं, आमचे कादंबरीकार खेड्याचें जें गोड चित्र रंगवितात तें खोटें आहे. या अपराधाबद्दल त्यांना आपली चूक कबूल करावयास लावण्यांत आलें ! मग त्यांनीं स्वतःच लेखणी उचलली. पेकाशिनो नांवाचें एक कल्पित खेडें घेऊन १९५८ ते १९७८ या वीस वर्षांत त्यांनीं चार कादंबऱ्या लिहिल्या. पहिलीचें नांव "भाऊ आणि बहिणी". ३ जुलै १९४१ रोजीं, जर्मन फौजा देशांत घुसल्या असतां, स्टालिन यांनीं रेडिओवरून प्रजेला "बंधुभगिनींनो" म्हणून हांक मारली होती. संकट आलें कीं शेतकरी भाऊ होतो. संकट टळलें कीं त्याचें काय होतें, हेंच या कादंबऱ्यांनीं दाखविलें.

आतां दोदिन यांनीं काय केलें तें नीट ऐका. त्यांच्या व आर्कादी कात्समान यांच्या हाताखालीं शिकणाऱ्या तरुण मुलामुलींना ही कथा नाटकांत आणावयाची होती. १९७७ च्या उन्हाळ्यांत दोदिन त्या सर्वांना घेऊन थेट वेर्कोल्याला गेले. शहरचीं मुलें तीं ! तेथें राहून तीं म्हाताऱ्या बायकांच्या तोंडची बोली शिकलीं, त्यांचीं गाणीं शिकलीं, ज्यांच्या जिवावर ही कादंबरी उभी होती त्या माणसांच्या पंक्तीला बसलीं. जावें त्याच्या वंशा तेव्हां कळे, असें आपण म्हणतों. १९७८ सालीं विद्यार्थ्यांनीं तें नाटक केलें. १९८० सालीं दोदिन यांनीं चौथी कादंबरी "घर" लेनिनग्राडच्या माली नाट्यगृहांत आणली. माली म्हणजे त्यांच्या भाषेंत लहान. आमच्या माळी मंडळींनीं नांव ऐकून हक्क सांगूं नये! हें नाट्यगृह १९४४ सालीं निघालें तें मुळीं आसपासच्या लहान गांवांतून फिरून खेळ करण्यासाठीं. १९८३ सालीं दोदिन त्याचे मुख्य दिग्दर्शक झाले. त्याच वर्षीं अब्रामोव वारले व वेर्कोल्याच्या मातींत विसावले. पहिल्या तीन कादंबऱ्यांचें मोठें नाटक रंगभूमीवर आलें तें १९८५ च्या मार्चमध्यें. तें पाहावयास अब्रामोव राहिले नाहींत. सरकारी परवानगीहि सहजासहजीं मिळाली नव्हती.

हें नाटक दोन रात्रींचें, एकूण सहा तासांचें. आमच्या सुतारमंडळींनीं येथें लक्ष द्यावें. एदुआर्द कोचेर्गिन या कलावंतानें त्यासाठीं राजवाडे रंगविले नाहींत, पडदे सोडले नाहींत. गोल ओंडक्यांची एक लांकडी भिंत केली. तीच भिंत उभी राहिली कीं झोपडी, आडवी झाली कीं छप्पर, हलली कीं फाटक. एका लांकडांतून सारें गांव उभें राहिलें. जें शेतकऱ्याजवळ असतें तेवढ्यावरच शेतकऱ्याचें नाटक झालें.

त्या कथेचा नायक मिखाईल प्र्यास्लिन. बाप लढाईंत पडलेला, पाठीवर लहान भावंडें, आई आना. आणि हा पोर अवघ्या चौदा पंधरा वर्षांचा असतां घरचा कर्ता झालेला. हिवाळ्यांत त्याला जंगलांत लांकूडतोडीला जावें लागतें. तेथून एकदां तो घरीं येतो तेव्हां भावंडांसाठीं, आईसाठीं कांहीं कांहीं वस्तू आणतो. आणि शेवटीं पिशवींतून काढतो ती एक अख्खी भाकरी. त्यांच्याकडील पाव म्हणजे आपली भाकरीच कीं ! पोरें ती पाहून थक्क होतात. बायाबापड्यांनो, ज्या घरांत पीक काढणारे हात आहेत त्याच घरांत अख्ख्या भाकरीचें नवल वाटावें, याहून शेतकऱ्याची दैना निराळी ती कोणती सांगावी ? आणि ही कांहीं कवीची कल्पना नव्हे. त्या काळीं तेथें सामुदायिक शेतावर राबणाराला दिवसाची खूण मिळे, दाणा मिळेलच याचा भरंवसा नसे. घरामागच्या तुकड्यावर मांस, दूध, अंडीं यांचा वसूल निराळा द्यावा लागे. आणि गांव सोडून जावें म्हटलें तर हातीं पासपोर्ट नसे. तो सर्व शेतकऱ्यांना देण्याचा हुकूम व्हावयास १९७४ साल उजाडलें.

दुसऱ्या रात्रीचा आरंभ तर विसरण्यासारखा नाहीं. त्याच लांकडी भिंतीवर एक जुना बोलपट दिसूं लागतो. त्याचें नांव "कुबानचे कोसाक". तो १९५० सालीं लोकांपुढें आला होता. त्यांत धान्याच्या राशी, गुबगुबीत बायका, गाणीं, जत्रा. जिकडे तिकडे आबादीआबाद! आणि तो पाहणारे कोण, तर पेकाशिनोचे अर्धपोटीं लोक. नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा ! त्या लोकांच्या नांवावर तो बोलपट निघाला. पण वडील म्हणाले त्याप्रमाणें, त्यांतलीं माणसें त्यांच्या गांवचीं नव्हतीं. जत्रेंतल्या त्या नाटकानें शेतकऱ्याला गाढव केलें. या बोलपटानें त्याला गुलछबू केलें. थट्टा करणें आणि खोटी स्तुति करणें, या दोन्ही गोष्टी एकच आहेत. दोहोंतहि खऱ्या माणसाला बोलूं दिलें जात नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांला पुढें जाववत नाहीं. गांवचा पुढारी लुकाशिन. गुरांचा गोठा बांधावयाचा आहे, आणि बांधणारे उपाशी. सरकारचा वसूल पुरा होण्याआधींच तो त्यांना थोडें धान्य वांटतो. झालें, त्याला पकडून नेतात. मिखाईल त्याच्या बाजूनें एक अर्ज लिहितो आणि घरोघर सहीसाठीं फिरतो. ज्यांनीं तें धान्य खाल्लें तेच तोंड फिरवितात. कोणाचीं पोरें लहान, कोणाला काम आठवतें, कोणी नुसताच गप्प. सही करते ती मिखाईलची बहीण लिझा. मंडळी, खरें सांगा, ही गोष्ट एकट्या रशियाची आहे काय ? दोदिन यांची थोरवी येथें आहे. त्यांनीं शेतकऱ्याचें दुःख दाखविलें, तशी त्याची भीति आणि त्याचा पळपुटेपणाहि दाखविला. जो आपल्याला नुसतें गोड बोलतो तो आपला नव्हे. जो आपल्या चुकीवर बोट ठेवतो आणि तरीहि आपल्या पंक्तीला बसतो, तो आपला.

हें नाटक लोकांनीं डोक्यावर घेतलें. १९८६ सालीं, ज्या सरकारच्या कारभाराचें तें चित्र होतें त्याच सरकारनें त्याला आपलें मोठें पारितोषिक दिलें. पुढें तें परदेशांत गाजलें, आणि तीस वर्षें चाललें. २०१५ सालीं दोदिन यांनीं नव्या दमाच्या नटांना घेऊन तें पुन्हां नव्यानें बसविलें.

त्यांची कामाची रीत आमच्या कारागिरांना आवडेल. कादंबरीवरून घाईघाईनें संवाद लिहून ते नटांच्या हातीं देत नाहींत. सारी मंडळी कादंबरी पानोपान वाचते, पानोपान करून पाहते. जें शेवटीं नाटकांत राहणार नाहीं तेंहि करून पाहते. महिने जातात, कधीं वर्षें जातात. विणकर ताणा नीट बसेपर्यंत बाणा टाकीत नाहीं, तसेंच हें. दोस्तोयेव्हस्कीच्या "भुतें" या कादंबरीवर अशीच कित्येक वर्षें मेहनत करून १९९१ सालीं तें नाटक झालें. वासिली ग्रोसमन यांच्या "जीवन आणि दैव" या कादंबरीचें हस्तलिखित सरकारी पोलिसांनीं १९६१ सालीं घरांतून उचलून नेलें होतें. ती कादंबरी दोदिन यांनीं २००७ सालीं रंगभूमीवर आणली. तेव्हांहि नुसतें वाचून भागविलें नाहीं. नटांना घेऊन ते नोरिल्स्क येथें गेले, जेथें स्टालिनच्या काळीं कैद्यांच्या छावण्या होत्या; आणि आउश्विट्झ येथें गेले, जेथें हिटलरच्या लोकांनीं लाखों माणसें मारलीं. म्हणजे वेर्कोल्याचा धडा ते तीस वर्षांनींहि विसरले नव्हते. ज्याची कथा सांगावयाची त्याच्या जागेवर आधीं पाय ठेवावयाचा.

आतां आपल्याकडे वळतों. शेतकऱ्याचें खरें नाटक आपल्या मातींत झालें नाहीं असें कोणी समजूं नये. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालींच "तृतीय रत्न" नाटक लिहिलें. त्यांत एक कुणबी व त्याची बायको आहेत, आणि त्यांना कोण कसें नाडतो हें उघड दाखविलें आहे. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें नाकारलें. तें छापून लोकांच्या हातीं यावयास १९७९ साल लागलें. सव्वाशें वर्षें ! तिकडे अब्रामोवना चूक कबूल करावी लागली, इकडे जोतीरावांचें हस्तलिखित पडून राहिलें. शेतकऱ्याची खरी कथा सांगणाराला वाट कोठेंहि मोकळी नसते.

म्हणून आमचें तुम्हांस एवढेंच मागणें आहे. दोदिनसारखा कोणी तुमच्या दारीं येईल तेव्हां येईल. पण आला तर त्याला सांगण्यासारखें तुमच्याजवळ शिल्लक असूं द्या. तुमच्या आयांच्या जात्यावरच्या ओंव्या, जुन्या वह्या, कर्जाच्या पावत्या, दुष्काळाच्या आठवणी, हें सारें चुलींत घालूं नका. शिकलेल्या पोरांनीं आजाआजीजवळ बसून तें लिहून काढावें, आणि त्यांच्याच बोलींत लिहावें. तिची लाज धरूं नये. दुःख लिहितांना आपली चूकहि लिहावी. आणि जर कधीं गांवांत मिखाईलसारखा कोणी अर्ज घेऊन दाराशीं आला, तर तोंड फिरविण्याआधीं लिझाची आठवण करावी.

आमचे वडील आज हयात नाहींत. ते असते तर आम्हीं त्यांना त्या लांकडी भिंतीपुढें नेऊन बसविलें असतें. भाषा त्यांना कळली नसती. पण पिशवींतून ती अख्खी भाकरी निघाली असती, तेव्हां ते खास म्हणाले असते, "हा मात्र आपल्याच गांवचा."