प्रकल्पाची वही आणि व्यवसायाची निवड
(वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)



शेकडा नव्वदांवर गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचे कौतुक आताच यथायोग्य झाले. आम्ही बोलणार आहोत ते गुणपत्रिकेवर न उमटणाऱ्या एका गोष्टीविषयी.

मुंबईच्या विज्ञान-शिक्षकांच्या मंडळाने १९८१ साली सुरू केलेली डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. सहावी व नववीतील मुले तीस बसतात. प्रथम लेखी परीक्षा, तीतून निवडलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, आणि त्यापुढे मुलाखत व कृतिसंशोधनाचा प्रकल्प. आपल्या घरांतून चर्चा होते ती लेखी परीक्षेच्या शिकवणीची आणि पदकाची. आमच्या मते मर्म आहे ते प्रकल्पात. आपल्या आळीतील विहिरीचे पाणी महिनाभर तपासून रोज नोंद ठेवणाऱ्या मुलीस रसायनशास्त्र हा केवळ पाठांतराचा विषय वाटत नाही; हे काम आपणांस जमते, अशी तिची खात्री पटते. पुढे शाखा निवडताना हीच खात्री कामी येते.

ही केवळ आमची कल्पना नव्हे. अमेरिकेत हजारो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शालेय वयात अशा स्पर्धांत उतरलेल्यांचा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या व्यवसायांकडील ओढा, त्यांची मूळची आवड हिशेबात धरूनही, इतरांहून अधिक आढळला.

मात्र स्पर्धेत मूल स्वतः उतरले पाहिजे. शालेय प्रदर्शनांतील कित्येक प्रतिकृती बाजारातून तयार आणलेल्या, नाहीतर वडिलांनी रात्र जागून चिकटविलेल्या असतात. 'ही तार काढली तर काय होईल?' असे परीक्षकांनी विचारताच मूल आईच्या तोंडाकडे पाहते. अशा बक्षिसाने आवड वाढत असेल तर ती वडिलांची!

केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर-मानक' योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात प्रतिकृतीसाठी दहा हजार रुपये जमा होतात. परंतु त्याचे नाव व कल्पना शाळेने कळवावी लागते. आपल्या पाल्याच्या शाळेने ती कळविली काय, हे पालकांनी जाऊन विचारावे.

कार्यकारी मंडळास आमची एक विनंती आहे. पुढील वर्षीच्या गुणगौरवाच्या अर्जात गुणपत्रिकेसोबत प्रकल्पाची वही जोडण्यास जागा ठेवावी. ती वही मुलाच्या हस्ताक्षरातील असावी, आणि फसलेल्या प्रयोगांची पाने तीतून फाडलेली नसावीत.