मोझेलकाठची रीस्लिंग



द्राक्षमद्यावर बोलण्यास आम्ही उभे राहिलो, हे पाहून काही वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. पिण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही. विषय केवळ रसज्ञतेचा आहे.

जर्मनीतील रीस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाची पहिली लेखी नोंद १४३५ सालची, ऱ्युसेल्सहाइम येथील हिशेबातली. मोझेल नदीच्या काठी, पाटीच्या दगडाच्या उभ्या चढणींवर या वेली वाढतात. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटची चढण तर काही ठिकाणी ६० अंशांपर्यंत जाते! तेथे खुडणी हातांनीच करावी लागते. थंड हवेत फळ सावकाश पिकते. म्हणून गोडी भरली तरी आंबटपणा टिकून राहतो.

गोड मद्य म्हणजे हलके मद्य, असा ग्रह आम्हीही दीर्घकाळ बाळगला. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्यांनी तरी तो बाळगू नये. ट्राउट माशासोबत 'ट्रोकन', म्हणजे कोरडी रीस्लिंग शोभते. डुकराचे मांस आणि आंबवलेला कोबी असेल तर किंचित गोड 'काबिनेट' घ्यावी. तिखटापुढेही हीच बरी. गोडी तिखटाचा दाह शमविते, अल्कोहोल तो वाढविते, आणि मोझेलच्या गोडसर काबिनेटमध्ये ते बहुधा आठ-नऊ टक्केच असते.

निवडक पक्व घडांची 'आउसलेज' मात्र खारट, निळ्या बुरशीच्या चीजसाठी राखावी. बासुंदीसमोर ती निव्वळ आंबट लागेल.