घरातले वाचन : बेळगाव, १८९२



एकोणिसाव्या शतकातील वाचन असा विषय निघाला की आपण पुण्या-मुंबईकडे पाहतो आणि ग्रंथालये, मासिके, भाषांतरे यांची जंत्री करतो. बेळगावलाही तशी जंत्री करता येईल. इथले सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आणि ‘बेळगाव समाचार’ १८६३ सालचा. पण पुस्तक घरात आल्यावर त्याचे काय होई? कोण वाचे, कोणाच्या सांगण्यावरून, मोठ्याने की मनात? आज मला या घरातल्या वाचनाविषयी बोलायचे आहे, आणि त्यासाठी पाहण्यासारखे एक घर आपल्या गावातच आहे.

रिसालदार गल्लीतले सदाशिवराव भाटे वकिलांचे हे घर. ऑक्टोबर १८९२मध्ये स्वामी विवेकानंद कोल्हापुराहून आले ते इथे उतरले. शिकागोची परिषद व्हायला अजून वर्षभर अवकाश होता, त्यामुळे आलेला संन्यासी नेमका कोण, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हते. पाहुण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझे लक्ष जाते ते यजमानांच्या मुलाकडे. पुढे प्राध्यापक झालेल्या या मुलाने, म्हणजे जी. एस. भाटे यांनी, त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या.

वडिलांच्या आज्ञेने हा मुलगा जुन्या पद्धतीने पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला सांगितले तेव्हा तो मध्येच चुकला, आणि संन्याशाने हसत हसत चूक दुरुस्त केली. पुढे अमरकोशाची पाळी आली. तेव्हा मुलाने शहाणपणा केला आणि ‘मला येत नाही’ असे सरळ सांगून टाकले. वडील रागावले, पण पाहुण्यांपुढे पुन्हा फजिती होण्यापेक्षा त्याला ते परवडले. परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहणारे माझे विद्यार्थी मला इथे भेटतात!

या प्रसंगात वाचन म्हणजे काय होते ते पाहा. पुस्तक जवळ असले तरी वाचन जिभेवर होते, आणि चारचौघांत म्हणून दाखवल्याशिवाय ते पुरे होत नव्हते. चूक पकडणारा कान समोर बसलेला असे.

दुसरी आठवण हरिपद मित्र यांची. हे बेळगावात नेमणुकीवर असलेले बंगाली वनाधिकारी. भाट्यांकडे भेट झाल्यावर ते स्वामींना आपल्या घरी घेऊन गेले. तिथे एकदा बोलता बोलता स्वामींनी डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधली दोन-तीन पाने तोंडपाठ म्हटली. मित्रांनी ती कादंबरी अनेकदा वाचलेली होती, म्हणून त्यांनी मजकूर ओळखला. संन्याशाने असले पुस्तक इतक्या वेळा कशासाठी वाचावे, असे त्यांना वाटले. उत्तर मिळाले की दोनदाच वाचले आहे, एकदा शाळेत आणि एकदा पाच-सहा महिन्यांपूर्वी. स्मरणशक्तीची गोष्ट म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. मला त्यात आणखी एक दिसते. १८३६-३७मध्ये लंडनमध्ये मासिक भागांनी निघालेली विनोदी कादंबरी बेळगावातला सरकारी अधिकारी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि तीही पुन्हा तोंडानेच ऐकवली जाते.

आता आपल्याला खटकावी अशी गोष्ट. एका घरात संस्कृत, दुसऱ्या घरात इंग्रजी. मग मराठी कुठे होती? ‘पूर्वी घरोघर मराठी वाचली जाई, आता मुले इंग्रजीकडे गेली’ हे वाक्य आपल्या सीमाभागातल्या प्रत्येक सभेत ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. शिकलेल्या घरांत तेव्हाही मानाचे वाचन संस्कृतचे आणि पोटाचे वाचन इंग्रजीचे होते. कन्नडचेही वेगळे नव्हते. म्हणून तर धारवाडला १८९०मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन करावा लागला. मराठी वर्तमानपत्रात होती, आणि त्याहून जास्त श्रावणातल्या पोथीत होती. श्रीधरांचे हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत एकाने वाचायचे आणि उरलेल्यांनी वाती वळत, भाजी निवडत ऐकायचे. ऐकणाऱ्यांत बहुतेक बायका. त्यांना अक्षर येत नसे, पण ओवीतला शब्द चुकला तर कळे.

बाईने स्वतः पुस्तक हातात धरले की काय होई, ते रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात सांगितले आहे. माहेर इथून फार लांब नसलेल्या देवराष्ट्र्याचे. १८७३मध्ये लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या तेव्हा अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रात्री शिकवीत आणि दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारीत. विशेष राग इंग्रजीचा. पुढे याच रमाबाई पतीला मोठ्याने वाचून दाखवू लागल्या. ऐकणारा आणि वाचणारा यांनी जागा बदलल्या, हा मला त्या पुस्तकातला सर्वांत मोठा बदल वाटतो. घराण्याचे मोठेपण सांगण्याच्या नादात आपण वर्गात तो शिकवायचा विसरतो.

माझ्या वर्गात निपाणी भागातली पुष्कळ मुले येतात. घरी मराठी बोलतात, शिकलेली असतात इंग्रजी किंवा कन्नड माध्यमातून. देवनागरीची ओळ वाचताना अडखळतात आणि मग लाजेने मनात वाचतात, म्हणजे वाचतच नाहीत. त्यांना मी दोन वर्षांपासून एवढेच सांगतो : रोज एक पान घरी कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. निबंध नको, सारांश नको. निम्मी मुले करत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

एका मुलीची आई विड्या वळते. तिला अक्षर येत नाही. मांडीवर सूप, हाताची बोटे चालू, आणि समोर मुलगी एक ग्रामीण कथा वाचत होती. विहिरीवरच्या मोटेचे वर्णन आले. मुलीने ‘मोठ’ वाचले आणि पुढे गेली. आईचे हात थांबले. म्हणाली, “मोठ न्हवं गं, मोट. माझ्या माहेरच्या हिरीवर हुती की.” मग तासभर मोटेचीच गोष्ट चालली आणि कथा तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मुलगी मला विचारायला आली, की राहिलेले पान आज वाचले तर चालेल का.